१/३५ स्केलमध्ये (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शात) एम-१६ हाफ-ट्रॅकचं मॉडेल बनवायचंय? मग सुरुवात गनपासून करा

एम-१६ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन गाडी, पुढे ट्रकसारखी दोन चाकं, मागे रबरी पट्टे आणि मागच्या हौद्यात चार .५० कॅलिबरच्या ब्राउनिंग मशीनगन एकाच फिरत्या माउंटवर बसवलेल्या. काम काय तर पुढे जाणाऱ्या रणगाड्यांच्या आणि ट्रकांच्या ताफ्याला खालून उडणाऱ्या विमानांपासून वाचवणं. सैनिक तिला मीट चॉपर म्हणायचे, आणि ते नाव विमानांपेक्षा जमिनीवरच्या वापरामुळे जास्त चिकटलं, कारण १९४४-४५ पर्यंत युरोपात जर्मन विमानं कमी झाली होती आणि या चार गन झाडीवर, इमारतींवर, पायदळावर वापरायला लागले, पुढे कोरियात तर मुख्यतः त्यासाठीच.

या गाडीचं मॉडेल बनवणारे बरेचजण आधी चेसी, मग बॉडी, मग शेवटी गन असं जातात कारण इन्स्ट्रक्शन शीटमध्ये तसंच दिलेलं असतं. माझं म्हणणं उलट आहे. ही गाडी गनसाठी बनली, चिलखताचे वरचे काठ गनसाठी दुमडतात, लोडर म्हणजे गोळ्या भरणारे कुठे उभे राहणार हे गन ठरवते, काडतुसं कुठे पडणार तेही गनच ठरवते. गनची पोझ आधी ठरली की बाकी सगळं आपोआप ठरत जातं, आणि ती शेवटी ठरवली की मग दुमडलेले काठ परत उचकटायची वेळ येते.

किट घ्यायच्या आधी: फोटोतली गाडी नक्की कुठली?

ही पायरी गाळू नका, कारण या कुटुंबात एकसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच गाड्या आहेत आणि लोक एका गाडीचा फोटो बघून दुसरीच गाडी बनवून बसतात. आधी गन मोजा. दोन मशीनगन असतील तर ती एम-१३ किंवा एम-१४, आणि चार असतील तर एम-१६ किंवा एम-१७. एक लांब ३७ मिलिमीटरची तोफ आणि सोबत दोन मशीनगन असतील तर ती एम-१५ची जात, त्यातही मशीनगन तोफेच्या वर असतील तर एम-१५ आणि खाली असतील तर एम-१५ए१. एम-१५वरच्या मशीनगन वॉटरकूल्ड होत्या म्हणजे नळीभोवती जाड पाण्याचं जॅकेट दिसतं, ए१वर साध्या एअरकूल्ड आल्या.

मग बॉडी बघा. एम-१३ आणि एम-१६ या एम-३ हाफ-ट्रॅकच्या चेसीवरच्या, तर एम-१४ आणि एम-१७ या इंटरनॅशनल हार्वेस्टरने बनवलेल्या एम-५च्या चेसीवरच्या. ओळखायला सोपं आहे, एम-५ जातीच्या हौद्याचे मागचे कोपरे गोलाकार असतात आणि पुढचे मडगार्ड सपाट पत्र्यासारखे, तर एम-३ जातीचे मागचे कोपरे काटकोनात आणि मडगार्ड गोलसर. एम-३च्या चिलखताच्या प्लेटा बोल्टने जोडलेल्या असतात त्यामुळे सगळीकडे बोल्टांची डोकी दिसतात, एम-५ वेल्ड केलेली. मागचे कोपरे फोटोत दिसत नसतील तर मडगार्ड बघा, तेवढ्यावरून काम होतं.

कोण कुठे गेली हे पण माहीत असू द्या म्हणजे डायोरामात, म्हणजे मॉडेलभोवतीच्या देखाव्यात, घोळ होत नाही. १००० एम-१७ लेंड-लीजखाली (मित्रराष्ट्रांना अमेरिकेने दिलेली युद्धमदत) सोव्हिएत युनियनला गेल्या, म्हणजे चार गनची गोल कोपऱ्यांची गाडी आणि आसपास लाल सैन्य हे बरोबर, पण त्याच गाडीवर अमेरिकन तुकडीचे नंबर घालून नॉर्मंडीत उभी करणं चूक. एम-१४ बहुतेक ब्रिटनला गेल्या आणि तिकडे त्यांनी गन काढून बऱ्याच गाड्या माणसं-सामान न्यायला वापरल्या. अमेरिकन सैन्याची युरोपातली चार गनची गाडी म्हणजे एम-१६, व्हाइट कंपनीने मे १९४३ ते मार्च १९४४ या काळात अशा २८७७ बनवल्या, वर आधीच्या एम-१३ पैकीही बऱ्याच गाड्यांना चार गनचं माउंट बसवून एम-१६ करून टाकलं.

किट म्हणाल तर तामिया कंपनीचं जुनं आहे, पार्ट कमी, पहिल्यांदा हाफ-ट्रॅक करणाऱ्याला झेपेल असं. ड्रॅगन कंपनीचं जास्त बारकाव्याचं आणि जास्त पार्टचं. पहिलीच गाडी असेल तर मी तामिया घ्या म्हणेन, वाचलेल्या पैशात धातूच्या गन बॅरल वेगळ्या घ्या, फरक तिथेच सगळ्यात जास्त दिसतो. बनल्यावर गाडी साधारण साडेअठरा सेंटीमीटर लांब होते, खरी साडेसहा मीटर होती, तेव्हा बेससाठी फळी आणताना तो हिशोब धरा.

एक जागा, एक महिना

मी इथे रेमागेन (ऱ्हाइनकाठचं जर्मन गाव), मार्च १९४५ धरून पुढचं सगळं सांगतो, तुम्ही दुसरं काही घेऊ शकता पण काहीतरी एकच घ्या. ७ मार्च १९४५ला अमेरिकन ९व्या आर्मर्ड डिव्हिजनला ऱ्हाइन नदीवरचा लुडेनडॉर्फ पूल उभा सापडला, तो त्यांनी ताब्यात घेतला, आणि पुढचे दहा दिवस जर्मनांनी तो पाडायला जे मिळेल ते वापरलं, जेट विमानांसकट, मेसरश्मिट २६२ आणि अराडो २३४ दोन्ही. अमेरिकनांनी पुलाभोवती दोन्ही काठांवर प्रचंड विमानविरोधी गन गोळा केल्या, त्यात एम-१६ आणि एम-१५ पण होत्या. ९व्या आर्मर्डबरोबर ४८२वी अँटी-एअरक्राफ्ट बटालियन होती. पूल शेवटी १७ मार्चला आपणहून कोसळला, तोपर्यंत तरंगते पूल टाकून झाले होते.

यातून मॉडेलला काय मिळतं ते बघा. मार्चमधला जर्मनीतला ओला चिखल, झाडांना पानं नाहीत, गाडी काही महिने चाललेली आणि एका जागी उभी राहून फायर करत असलेली, म्हणजे आत रिकाम्या काडतुसांचा खच. माणसं गरम कपड्यांत. जागा ठरवल्यावर अर्धे प्रश्न संपले.

माउंट: इथे घाई नको

चार गनच्या माउंटचं नाव एम-४५, न्यूयॉर्कच्या मॅक्सन कंपनीचं, म्हणून लोक त्याला मॅक्सन माउंट म्हणतात. गनर मधोमध सीटवर जवळजवळ रेलून बसतो, दोन गन डावीकडे दोन उजवीकडे, वर-खाली. माउंट विजेवर फिरतं, मागे बॅटऱ्या आणि त्या चार्ज करायला छोटं पेट्रोल इंजिन. पूर्ण गोल फिरतं, गन खाली -१० अंशापासून वर ९० अंशापर्यंत जातात. आणि घोडा विजेवर चालतो म्हणून या गनना मागे हातात धरायच्या दोन मुठी नसतात! हे लक्षात ठेवा, कारण स्पेअर बॉक्समधली (जुन्या किटांतून उरलेल्या पार्टांच्या डब्यातली) जीपवरची .५० गन उचलून इथे लावायचा मोह होतो आणि ती मुठींमुळे लगेच चुकीची दिसते.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी माउंटची फ्रेम, सीट, मागचं इंजिन-बॅटरी एवढंच जोडा, गन आणि काडतुसांच्या पेट्या सुट्या ठेवा. गनचे पार्ट स्प्रूवरून (पार्ट ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून) कापताना निपर नळीला टेकवून कापू नका, थोडं लांबून कापा आणि उरलेला तुकडा धारदार ब्लेडने हळूहळू काढा नाहीतर बारीक नळी वाकते. नळीवर साच्याची शिवण असतेच, ती फाइलने घासली तर नळी चपटी होते, म्हणून ब्लेडची धार उभी धरून खरवडा आणि मग बारीक पॉलिश पेपरने गोल गोल फिरवत घासा. नळीचं तोंड ड्रिल करायचं तर खरी नळी १२.७ मिलिमीटरची, ३५ ने भागलं की ०.३६ येतं, म्हणजे ०.३ किंवा ०.४ ची ड्रिल बिट. आधी सुईने मधोमध खूण करा, मग हाताच्या पिन व्हाइसने फिरवा, मशीन लावू नका. नळीच्या बुडाशी जो भोकांचा जॅकेटसारखा भाग असतो तिथली भोकंसुद्धा नुसती खोलगट असतील तर थोडी खोल करून घ्या, वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) मारल्यावर ती छान उठून दिसतात.

चारही नळ्या एकमेकींना समांतर दिसायला हव्यात. यात जरा इकडेतिकडे झालं की सगळ्या मेहनतीवर पाणी. मी चारही गन जोडून ग्लू ओला असतानाच पुढून आणि बाजूने डोळा लावून बघतो, नळ्यांवर एक स्टीलची पट्टी आडवी टेकवून दोन-दोन जुळवतो आणि मग रात्रभर हात लावत नाही. यासाठी पातळ सिमेंट नको, थोडा वेळ देणारा घट्ट ग्लू वापरा. फेविक्विक तर अजिबात नको, एकदा चिकटलं की विषय संपला.

पेट्या म्हणजे वरून गोल, थडग्याच्या दगडासारख्या दिसणाऱ्या, त्यांना तिकडे टूमस्टोनच म्हणायचे. एकेकीत २०० गोळ्या, नुसत्या गोळ्यांचंच वजन २० किलोच्या वर. चारही गन एकदम चालल्या तर मिनिटाला दोन हजारच्या आसपास गोळ्या, म्हणजे पेटी अर्ध्या मिनिटातच रिकामी, म्हणून दोन लोडर, आणि म्हणून बऱ्याचदा दोनच गन चालवायच्या आणि बाकीच्या दोन थंड होऊ द्यायच्या. मॉडेलमध्ये हे दाखवता येतं ना! तीन पेट्या बसलेल्या आणि चौथी लोडरच्या हातात, किंवा खाली उघडी ठेवलेली.

आता पोझ ठरवा. विमानावर रोखलेली गाडी असेल तर गन ३० ते ६० अंशात वर आणि हौद्याचे वरचे काठ उभे राहिले तरी चालतं. जमिनीवर, नदीपलीकडे फायर करणारी असेल तर गन आडव्या आणि त्या बाजूचे काठ बाहेर खाली दुमडलेले, तेवढ्यासाठीच ते बिजागऱ्यांवर दिले होते. काठ उभे आणि गन त्यांच्याच आडून खाली झुकलेल्या असं मात्र करू नका, ते गाडीवर शक्यच नव्हतं. माउंट हौद्यात चिकटवू नका, सुटं ठेवलं की रंगवायला पण सोपं आणि नंतर फिरवता पण येतं.

चेसी आणि पट्टे

इथे फार रेंगाळण्यासारखं काही नाही. फ्रेम सपाट काचेवर ठेवून जोडा म्हणजे पिळ पडत नाही, चारही टोकं टेकतात का बघा. पुढचा ॲक्सल पण इंजिनवर चालतो तेव्हा मधला डिफरेन्शियलचा गोळा गाळू नका. पुढे बंपरजवळ रोलर किंवा विंच येतं ते फोटो बघून लावा. विंचचा दोर किटमध्ये प्लास्टिकचा असेल तर टाकून द्या, हार्डवेअरच्या दुकानातली बारीक तांब्याची वायर घेऊन तिचे दोन-तीन पदर ड्रिलला अडकवून पिळले की हुबेहूब दोर तयार होतो.

पट्ट्यांबद्दल मात्र दोन गोष्टी. हाफ-ट्रॅकचा पट्टा म्हणजे स्टीलच्या दोरांवर ओतलेलं सलग रबर, रणगाड्यासारख्या लोखंडी कड्यांची साखळी नव्हे. त्यामुळे एक, वरच्या बाजूला मोठा झोळ पडत नाही, पट्टा ताणलेला दिसला पाहिजे, सैल वाटला तर आतल्या बाजूने थोडा कापून परत जोडा आणि जोड चाकांच्या मागे लपवा. दोन, पट्ट्याला गंजाचा रंग द्यायचा नाही, हे मी इतक्या ठिकाणी बघतो की मुद्दाम सांगावंसं वाटतं. रबर गंजत नाही. गडद राखाडी द्या, तामियाचा एक्सएफ-८५ रबर ब्लॅक चालतो किंवा एक्सएफ-६९ नाटो ब्लॅक, वर मातीचा हात, आणि फक्त मधले लोखंडी गाइड चाकांना घासून चकाकतात तिथे पेन्सिलीचं ग्रॅफाइट बोटाने चोळा.

हौदा: चिलखत जाड दिसतंय का?

खऱ्या गाडीच्या बाजूच्या प्लेटा ६.३५ मिलिमीटर जाड होत्या, ही काही रणगाड्याची जाडी नाही, रायफलची गोळी आणि तोफगोळ्याचे तुकडे अडवावेत एवढीच. १/३५ मध्ये त्याचे होतात ०.१८ मिलिमीटर. किटचं प्लास्टिक जवळपास एक मिलिमीटर जाड असतं म्हणजे स्केलमध्ये ती साडेतीन सेंटीमीटर जाड प्लेट झाली. सगळा पार्ट पातळ करत बसायची गरज नाही, जिथे काठ डोळ्याला दिसतो तिथेच आतल्या बाजूने तिरपा घासा, म्हणजे दुमडणारे काठ, दारांच्या कडा आणि ड्रायव्हरसमोरची झडप. पाण्यात बुडवलेला ४०० नंबरचा पेपर, मग ८००चा. एवढ्याने गाडी एकदम बदलते, महागडी ब्रासची शीट न लावता.

हौद्याचा आतला भाग बाजू बंद करायच्या आधी रंगवा, नंतर ब्रश पोचत नाही. आणि आत पांढरा रंग देऊ नका, पांढरा बंद रणगाड्यांच्या आत असायचा, वरून उघडी गाडी आतूनही ऑलिव्ह ड्रॅबच (अमेरिकन सैन्याचा मळकट हिरवा), नाहीतर वरून विमानाला ती लांबूनच दिसली असती.

रिकाम्या काडतुसांसाठी ०.६ मिलिमीटरची पितळेची तार घ्या, पितळ नाही मिळालं तर तांबं, आणि पावणेतीन-तीन मिलिमीटरचे तुकडे पाडा, खरं काडतूस ९९ मिलिमीटर लांब असतं तेव्हा माप बरोबर बसतं. शंभर-दीडशे तुकडे लागतील. माउंटच्या दोन्ही बाजूंना खाली, कोपऱ्यात जास्त आणि चालायच्या जागी कमी असे टाका, वरून पाणी घातलेलं फेविकॉल ड्रॉपरने सोडा, वाळल्यावर पारदर्शक होतं. थोडी काडतुसं गाडीच्या बाहेर जमिनीवर पण हवीत.

सामान लादताना डोकं वापरा. सैनिक बॅगा, ताडपत्र्या, पांघरुणं, डबे सगळं गाडीला लटकवायचे हे खरं, पण ज्या बाजूचा काठ दुमडायचा आहे तिथे बॅगांचा ढीग लावला तर काठ उघडणार कसा, आणि गन फिरताना आड येईल असं उंच काही मागे ठेवायचंच नाही. मडगार्डवर, बॉनेटच्या बाजूला आणि हौद्याच्या मागे खालच्या भागात ठेवा. ताडपत्री साध्या टिश्यू पेपरची होते, एक पदर वेगळा करून पाणी-फेविकॉलमध्ये भिजवा आणि ओली असतानाच घड्या घाला. गुंडाळ्या मोठ्या हव्या असतील तर एम-सील मळून लाटा, वर पावडर लावा म्हणजे बोटाला चिकटत नाही.

रंग

प्रायमर मारा, राखाडी, पातळ थरात. कोकणात, मुंबईत किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर जून ते सप्टेंबर लॅकर आणि स्प्रे कॅनपासून लांब राहा, हवेतल्या ओलाव्याने रंगावर पांढरट साय धरते आणि व्हार्निशवर तर हमखास. करायचंच असेल तर पाऊस उघडलेली कोरडी दुपार बघा, नाहीतर तेवढे महिने जोडकाम करा आणि रंग ऑक्टोबरला ठेवा.

मूळ रंग ऑलिव्ह ड्रॅब, तामियाचा एक्सएफ-६२ घ्या पण सरळ बाटलीतला मारू नका, छोट्या मॉडेलवर तो फार काळवंडलेला दिसतो. पहिला थर तसाच, दुसऱ्या थरात पाचव्या हिश्शाएवढा एक्सएफ-६० डार्क यलो मिसळून बॉनेटवर, मडगार्डच्या वर, प्लेटांच्या मधोमध, म्हणजे ऊन-पाऊस लागतो तिथे. ताडपत्र्या वेगळ्या छटेत, जास्त पिवळट किंवा जास्त हिरव्या, नाहीतर सगळं एकाच डब्यातून काढल्यासारखं दिसतं.

गन वेगळ्या रंगवा, काळ्या नको, गडद राखाडी देऊन वाळल्यावर मऊ पेन्सिलीचं ग्रॅफाइट कडांवर चोळा. धातू म्हणजे चंदेरी रंग असं समजू नका.

डेकलच्या (पाण्याने चिकटवायच्या तयार खुणांच्या) आधी ग्लॉस व्हार्निश, डेकल, मग परत ग्लॉस, मग वॉश. बॉनेटवर आणि बाजूला पांढरा तारा येतो, बॉनेटवरचा बऱ्याचदा गोल कड्यासकट, तो आपल्याच विमानांना ओळखू यावा म्हणून. बंपरवर समोरून बघताना डावीकडून आधी मोठ्या फॉर्मेशनचा नंबर, मग बटालियनचा, आणि उजव्या टोकाला बॅटरीचं (इथे बॅटरी म्हणजे बटालियनमधली तुकडी) अक्षर व गाडीचा नंबर. स्वयंचलित गनच्या सेल्फ-प्रोपेल्ड (गाड्यांवरच गन बसवलेल्या) बटालियनमध्ये चार बॅटऱ्या आणि एकूण ३२ एम-१५ व ३२ एम-१६ असायच्या, म्हणजे बॅटरीची अक्षरं ए ते डी. ई किंवा एफ टाकू नका.

वॉशसाठी परदेशी बाटल्या आणायची गरज नाही, कॅमलचे आर्टिस्ट ऑइल कलर चित्रकलेच्या दुकानात मिळतात, बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, वासाचा त्रास कमी असलेल्या टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याएवढा पातळ. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर अर्धा तास ठेवा म्हणजे तेल शोषलं जातं आणि मॅट वाळतो. बोल्टांच्या भोवती आणि बिजागऱ्यांत टोकदार ब्रशने टेकवा, सगळीकडे फासू नका. एम-३च्या बॉडीवर बोल्ट इतके आहेत की हे काम कंटाळवाणं होतं, पण बाजूच्या सपाट प्लेटांना जीव तिथूनच येतो.

चिखल, माणसं, बेस

आपल्याकडची लाल माती चाळून वापरायचा मोह होतो, रेमागेनसाठी ती नको, तिथला चिखल राखाडी-तपकिरी. चाळलेली बारीक वाळू, फेविकॉल आणि ॲक्रिलिक रंग, ओल्या भागासाठी थोडं ग्लॉस व्हार्निश. पुढच्या चाकांच्या आणि मडगार्डच्या आत, पट्ट्याच्या चाकांमध्ये जाड, बाजूच्या प्लेटांवर ब्रशने उडवलेले शिंतोडे. गाडी बरेच तास उभी असेल तर बाजूचा चिखल वाळलेला फिकट आणि जमिनीवरचा ओला गडद.

खऱ्या गाडीवर पाच जण होते, कमांडर, ड्रायव्हर, गनर आणि दोन लोडर. पाचही हवेत असं नाही, पण गनर हवाच, आणि त्याला सीटवर बसवून बघायचं काम माउंट रंगवायच्या आधी करा कारण बऱ्याच आकृत्या तिथे मावत नाहीत, पाठीमागून आणि मांड्यांखालून थोडं घासावं लागतं. सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला ठेवा, जिथे गन रोखलीय तिकडे, एखादा लोडर सोडून, तो पेटीकडे बघत असेल. ड्रायव्हर गाडी उभी असताना आत बसून राहत नाही, त्याला खाली उतरवून पेट्या पुढे देताना दाखवला तर जास्त खरं वाटतं.

बेसवर उंची द्या, म्हणजे नदीकाठचा उतार किंवा रस्त्याची कड, आणि गाडी आधी ओल्या मिश्रणात हलकेच दाबून पट्ट्यांचे ठसे उमटवून घ्या, वाळल्यावर कायमची बसवा. माउंट शेवटपर्यंत सुटंच ठेवा, बेसवर गाडी बसल्यावर कोन परत एकदा बघा आणि मगच खाली एक थेंब ग्लू सोडा. वर ॲक्रिलिकचं झाकण बनवून घ्या, आणि त्याचं माप घेताना उंची गाडीच्या वरच्या काठापर्यंत नाही, वर रोखलेल्या नळ्यांच्या टोकापर्यंत धरा.